बांधावरच्या बाभळीचा हिशेब

कळमनुरी तालुक्यात आज झाड तोडायचं म्हटलं की शेतकऱ्यापुढे तीन वाटा असतात. घरातली कुऱ्हाड काढायची, पेट्रोलचं कटर बाळगणाऱ्या टोळीला बोलवायचं, नाहीतर अलीकडे दुकानांत आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागलेली बॅटरीची करवत विकत घ्यायची. चर्चा मात्र शेवटच्या दोन वाटांचीच होते. ताकद कुणाची जास्त, खर्च कुणाचा कमी, लाइट गेली तर काय, असे प्रश्न विचारले जातात आणि बहुतेक वेळा निकाल पेट्रोलच्या बाजूने लागतो. यंत्राला यंत्र लावून पाहिलं तर तो निकाल बरोबरच आहे. पण या भागात लाकूड कसं तोडलं जात होतं, कुणाच्या हाताने आणि कशाच्या बळावर, हा मागचा शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला तर एक वेगळी गोष्ट दिसते. इथे दर वेळी ऊर्जेचं साधन बदललं तसा झाड तोडणारा माणूसही बदलला. त्या क्रमात ठेवून पाहिलं, तर बॅटरीच्या करवतीची खरी स्पर्धा पेट्रोलच्या कटरशी नाही, घराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या कुऱ्हाडीशी आहे, असं माझं म्हणणं आहे.

१९४८ पर्यंत कळमनुरी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्याचा तालुका होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो थेट १ मे १९९९ रोजी. तालुक्यातून कयाधू वाहते, पैनगंगेपलीकडे वऱ्हाड लागतं. मैदानी काळ्या रानात बाभूळ, कडुलिंब, आंबा, चिंच; डोंगराळ भागात साग, धावडा, पळस, मोह. त्या भागातली आंध समाजाची गावं जंगलाच्या आधाराने राहत आली. या मुलखात लाकडाशिवाय शेतीचं पान हलत नव्हतं. नांगर, वखर, तिफण, जू, गाडीचं चाक, विहिरीवरच्या मोटेचा सांगाडा, सगळं लाकडाचं, आणि त्यातलं बरंचसं धुऱ्यावरच्या बाभळीचं. बाभूळ चिवट, पाण्याला आणि उन्हाला टिकणारी, शिवाय स्वतःच्या रानातली. घरं माळवदाची. वरच्या मातीचं ओझं पेलायला जाड तुळया आणि खांब लागत, म्हणजे चांगले पोसलेले बुंधे लागत. त्यात चुलीचं सरपण वेगळं, आणि हळद पिकवणाऱ्या घरात हळद शिजवायच्या काहिलीखालचं जळण आणखी वेगळं. हळद काढल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी काहिली पेटत आणि दिवसचे दिवस जळत राहत. त्या आधीच्या महिन्यांत फाटे तोडून, वाळवून, रचून ठेवावे लागत.

हे सगळं लाकूड एकाच हाताने तोडलेलं नसे, आणि हाच मुद्दा पुढे उपयोगी पडतो. सरपण, कुंपणाचे काटे, काहिलीचं जळण हे घरातलीच माणसं कुऱ्हाडीने तोडत. बायकांच्या डोक्यावरच्या मोळ्या हा त्या तोडीचा मोठा भाग होता, जरी कुठल्या दफ्तरात त्याची नोंद नसली तरी. तुळई, फळी, गाडीचं चाक आलं की मात्र वाढई लागे. त्याच्याकडे लांब करवत असे; ओंडका उंच टेकवून एकजण वर, एकजण खाली, असे दोघे ती ओढत. वाढयाला बलुतं मिळे, म्हणजे त्याचा हक्क वर्षाच्या धान्यात ठरलेला असे. माणूस दिवसभर सलग मेहनत करतो तेव्हा साधारण पाऊणशे वॉट शक्ती देतो. करवतीवरचे दोघे मिळून दीडशे. माळवदाच्या एका खणाच्या तुळया आणि फळ्या काढायच्या तर त्या दीडशे वॉटांवर किती दिवस जात असतील, याचा अंदाज करता येतो. थोडक्यात, कुऱ्हाड घरोघरी आणि करवत ठरावीक हातांत, अशी वाटणी होती. बारीक लाकडावर घराची सत्ता, जाड लाकडावर कारागिराची.

कुऱ्हाडीचं घरोघरी असणं किती महत्त्वाचं होतं हे राजकारणातही दिसलं. पैनगंगेपलीकडे पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. नदीच्या अलीकडे, निजामाच्या राज्यात, १९४७-४८ च्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा एक मार्ग झाला, कारण शिंदीवरच्या अबकारीतून सरकारला मोठं उत्पन्न मिळत होतं. जंगलावर सरकारचा हक्क सांगणारा १३५५ फसलीचा, म्हणजे इसवी १९४५-४६ चा हैदराबाद वन कायदा तेव्हा ताजा होता. हत्यार म्हणून विळा आणि कुऱ्हाडच का, याचं उत्तर साधं आहे. ती प्रत्येकाकडे होती, त्यांना इंधन लागत नव्हतं आणि ती कुणाकडून भाड्याने आणावी लागत नव्हती. पुढे राज्य बदललं तरी झाडावरचा सरकारी डोळा गेला नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याने आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन अशा झाडांची यादी केली आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत असं ठरवलं. बाभूळ त्या मूळ यादीत नव्हती. शेतकऱ्याच्या रोजच्या तोडीतलं झाड मोकळं आणि किमती झाडं बंधनात, अशी ती रचना होती. कारागीर आणि घर यांच्यातली जुनी वाटणीच जणू कायद्यात उतरली.

यंत्राची ऊर्जा या भागात आली ती झाड तोडायला नाही, पाणी उपसायला. आणि पेट्रोल की बॅटरी या आजच्या वादाची खरी पूर्वकथा तिथेच सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. त्याच घराण्याची ऑइल इंजिनांची कंपनी १९४६ मध्ये पुण्यात उभी राहिली आणि स्वातंत्र्यानंतर मोटा सुटून विहिरींवर इंजिनं बसू लागली. मग गावोगाव विजेचे खांब आले. राज्य वीज मंडळ १९६० चं, परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ चं. विजेची मोटर इंजिनापेक्षा स्वस्तात चाले, हँडल मारावं लागत नसे, डिझेल आणायला जायला नको. तर मग इंजिनं संपायला हवी होती. ती संपली नाहीत. ज्याच्याकडे दोन्ही होतं त्याने इंजिन विकलं नाही, पाचट घालून झाकून ठेवलं. आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तीच इंजिनं पुन्हा विहिरीवर आली. मोटर चांगली की इंजिन, हा प्रश्न शेतकऱ्याने कधी सोडवलाच नाही. रोजच्या कामाला मोटर आणि अडीअडचणीला इंजिन, अशी कामांची वाटणी त्याने करून टाकली. बॅटरीच्या करवतीबद्दल बोलताना हा अनुभव विसरला जातो, याचं मला नवल वाटतं, कारण तो इथल्या प्रत्येक पन्नाशी-साठीच्या शेतकऱ्याला पाठ आहे.

लाकडाच्या बाबतीत मात्र वीज शेतात गेली नाही, लाकूडच विजेकडे गेलं. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या कडेला आरा गिरण्या बसल्या. ओंडका गाडीत घालून तिथे न्यायचा, मोजमाप करायचं, चिरून आणायचा. करवत ओढणाऱ्या दोघांचा धंदा तिथेच मोडला. जाड लाकडावरची सत्ता वाढयाकडून गिरणीमालकाकडे गेली, आणि गिरणी एका जागी असल्यामुळे ती सरकारच्या नजरेतही आली. लाकूड वाहून न्यायचा परवाना, गिरणीचा परवाना, तपासणी. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेल्या आदेशांनी तर नवी आरा गिरणी काढणं फारच अवघड केलं. रानात मात्र काहीच बदललं नव्हतं. झाड पाडायचं ते कुऱ्हाडीनेच.

आता थोडं दूर जायला हवं, कारण रानात जाणारी करवत जर्मनीत जन्मली आणि तिच्या जन्माची हकिगत आजच्या वादाला उलटी करून टाकते. आंद्रेआस श्टील याने १९२६ साली श्टुटगार्टमध्ये साखळीची करवत बनवली ती पेट्रोलची नव्हती, विजेची होती. तिचं वजन ६४ किलो, चालवायला दोन माणसं, आणि तिला वायर. १९२७ मध्ये एमिल लेर्प याने थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली. ती ५८ किलोची. श्टीलची पेट्रोलची करवत १९२९ साली आली, ४६ किलोची. म्हणजे वीज आधी आणि पेट्रोल नंतर. विजेची करवत हरली ती कापण्यात नाही. जंगलात विजेचा खांब नव्हता म्हणून हरली. पेट्रोल डब्यात घालून नेता येत होतं. एका माणसाला पेलेल अशी श्टीलची करवत व्हायला १९५० उजाडलं, आणि १९५९ च्या बारा किलोच्या मॉडेलने ती खऱ्या अर्थाने जगभर पोचवली. मधे १९४७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने खोडात भोक पाडणाऱ्या अळीचे जबडे पाहून साखळीच्या दातांचा आकार बदलला. आज पेट्रोलची असो की बॅटरीची, साखळी त्याच वंशाची असते. लाकडाला जे लागतं ते दोन्हीत एकच आहे. फरक फक्त एवढाच की त्या साखळीला फिरवणारी ऊर्जा रानात कशी न्यायची, आणि तो प्रश्न १९२६ पासून सुटायचा राहिला होता. लिथियम आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि पुढच्या वीस वर्षांत तिने विजेच्या करवतीची वायर तोडली. ज्याला आपण नवं म्हणतो तो जुना दावेदार आहे.

कळमनुरीसारख्या तालुक्यात पेट्रोलची कटरं सर्रास दिसू लागली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत, स्वस्त चिनी यंत्रं आल्यावर. पण ती पोचेपर्यंत लाकडाची गरजच पालटली होती. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, बैलगाडीला टायर आले, माळवदाच्या जागी पत्रे आणि स्लॅब आले, २०१६ च्या उज्ज्वला योजनेने बऱ्याच घरांत सिलिंडर पोचवला, जरी पाणी तापवायची चूल विझली नाही. हळद शिजवायला वाफेचे कुकर आले; त्यांना जळण लागतं, पण उघड्या काहिलीपेक्षा बरंच कमी, आणि तेही पटकन पेट घेणारं, मध्यम जाडीचं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि हळदीचं नाव झालं, पण त्या पिकाने किती लाकूड खाल्लं याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. तर जाड बुंध्याला आता घरी गिऱ्हाईक नाही. तो जातो व्यापाऱ्याकडे. पेट्रोलचं कटर घेऊन येणारी टोळी बहुतेक त्या व्यापाऱ्याचीच असते. शेतकरी उभं झाड उक्तं विकतो, टोळी एका सकाळी येते, पाडते, तुकडे करते, टेम्पोत भरते. अकोला-नांदेड महामार्ग हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा असा जातो; त्याच्या रुंदीकरणासारख्या कामात तर कुऱ्हाडीने तोड होणं शक्यच नव्हतं. अशा कामाला पेट्रोलच हवं, याबद्दल वाद नाही.

का हवं, ते आकड्यांत पाहू. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे नऊ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ऊर्जा असते. कटरच्या टाकीत अर्धा लिटर मावतं, म्हणजे साडेचार युनिट. पण छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्यातला जेमतेम सहावा-सातवा भाग साखळीपर्यंत पोचवतं. बाकीचं उष्णतेत जातं आणि काही पेट्रोल तर न जळताच धुरासोबत बाहेर पडतं. उरतं पाऊण युनिटच्या आतबाहेर. शेतकरी घेईल अशा करवतीची ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी धरली तर तिच्यात ०.१८ युनिट साठतं आणि मोटर चांगली असल्याने त्यातलं ०.१५ कामाला येतं. म्हणजे एका टाकीला साधारण चार-पाच बॅटऱ्या. पेट्रोलची टाकी दोन मिनिटांत पुन्हा भरते. बॅटरी भरायला तास-दीड तास लागतो. दिवसभर बुंधे पाडणाऱ्या टोळीने हा हिशेब केला तर ती बॅटरीकडे फिरकणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. खर्चात उलट चित्र आहे: चार बॅटऱ्या भरायला एक युनिटही लागत नाही, तर परभणी-हिंगोलीकडे पेट्रोल राज्यातल्या महागड्या दरांत मोडतं आणि त्यात ऑइलही मिसळावं लागतं. पण टोळीला वेळ महाग असतो, पेट्रोल नाही.

हाच ०.१५ युनिटचा आकडा आता कुऱ्हाडीशेजारी ठेवून पाहा. पाऊणशे वॉट देणाऱ्या माणसाची ती दोन तासांची न थांबता केलेली मेहनत आहे. तीही सगळी लाकडात जात नाही. कुऱ्हाडीचा घाव चुकतो, फांदी हलते, ढलप्या उडतात. एका बॅटरीत एका माणसाचा अर्धा दिवस, हे त्या यंत्राचं खरं माप आहे. आणि शेतकऱ्याचं काम असतंच तेवढं: पिकावर सावली धरणाऱ्या बाभळीच्या फांद्या खाली घेणं, वादळात आडवी झालेली निंबाची डहाळी वाटेतून काढणं, आंबा-पेरूच्या बागेची छाटणी, हळदीच्या कुकरपुरतं जळण. वर्षातले पंधरा-वीस दिवस, तेही सलग नाहीत. या कामाला आज पेट्रोलचं कटर वापरलं जात नाहीच. ते घरात असलं तरी ऑइलचं प्रमाण मोजायचं, दोरी ओढायची, चोक लावायचा आणि मिनिटभराच्या कापणीसाठी कान फुटेपर्यंत आवाज सोसायचा, यापेक्षा माणूस कुऱ्हाडच उचलतो.

यावर पहिला आक्षेप लाइटचा येतो. शेतीपंपांना पाळीने आठ तास वीज मिळते आणि अनेकदा रात्रीची. त्यावर भरवसा ठेवून कोण करवत घेणार? पण बॅटरी शेतातल्या आखाड्यावर भरायची नसते, घरी भरायची असते. महावितरणने गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे केल्यापासून घरातली वीज पंपाच्या पाळीला बांधलेली नाही. जे कुटुंब आखाड्यावरच राहतं त्याची अडचण खरी आहे, आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी हा महागडा उपाय आहे. परळीची वीज कोळशाचीच ना, मग पर्यावरणाचं काय साधलं, असंही विचारलं जातं. कोळशाच्या केंद्रात साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा विजेत उतरते; टू-स्ट्रोकच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापेक्षा ती बरी, आणि धूर निदान कापणाऱ्याच्या नाकात जात नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने २०२४ पासून बनणाऱ्या अशा बहुतेक छोट्या इंजिनांच्या विक्रीवर बंदी आणली ती याच धुरामुळे. आपल्याकडे तसा कायदा येईल म्हणून कुणी बॅटरी घ्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. इथे निवड सोयीवरच होईल.

पडून राहणाऱ्या यंत्राचा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या आणि मक्याच्या भावासाठी ते चांगलं असेल, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने टाकीत राहिलेलं मिश्रण कार्बोरेटरच्या रबरी पडद्याची वाट लावतं. टोळीचं कटर रोज चालतं म्हणून तिला हे जाणवत नाही. शेतकऱ्याचं दहा महिने भिंतीला टांगलेलं असतं. बॅटरी अर्धी भरून ठेवली तर महिनोन्महिने राहते. पण इथला उन्हाळा तिचाही वैरी आहे. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेली बॅटरी हळूहळू आपली क्षमता गमावते, आणि तापलेली असताना चार्जर तिला घेतच नाही. ती माठाशेजारी, घरातल्या गारव्याच्या कोपऱ्यात ठेवावी लागेल. आणि दुरुस्ती? इथे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण खरं आहे. टू-स्ट्रोक इंजिन फवारणी पंपाचं असो की कटरचं, उघडून बसवणारा मिस्त्री आता प्रत्येक बाजारगावात आहे. जळालेली मोटर पुन्हा गुंडाळणाराही आहे. बॅटरीचा पॅक मात्र कंपनी बंद करून देते, एका कंपनीचा दुसरीच्या यंत्राला बसत नाही, आणि आत एक सेल गेला की सगळा पॅक जातो. विहिरीवरची मोटर इथे रुजली ती ती गावात दुरुस्त होत होती म्हणून. बॅटरीच्या करवतीच्या वाटेतला हा सर्वांत मोठा धोंडा आहे, ताकद नव्हे.

आवाजाचा आक्षेप जंगलाच्या बाजूने येतो. पेट्रोलचं कटर मैलभर ऐकू जातं आणि तेवढाच वनरक्षकाला पत्ता लागतो. बॅटरीची करवत चोराच्या सोयीची. हे ऐकायला पटतं. पण चंदनाची चोरी या राज्यात पूर्वीपासून हातकरवतीनेच होत आली आहे, कारण ती तर बॅटरीपेक्षाही शांत. सागाचा बुंधा चोरायचा तर तो कापण्यापेक्षा वाहून नेणं अवघड असतं आणि चोर सापडतो तो बहुतेक गाडीपाशी. आवाज हा पहारा होता हे खरं, पण तो पहारा टोळीवर होता आणि टोळी पेट्रोल सोडणार नाही हे वर आलंच आहे.

राहतो मजुराचा प्रश्न, आणि तो इतका सहज सुटत नाही. फांद्या तोडून, फोडून, भारे बांधून देणं हे कोरडवाहू गावात पीक नसतानाच्या महिन्यांतलं काम आहे. करवत शेतकऱ्याच्या हातात आली तर ते दिवस कमी होतील. मोटेवरचा गडी इंजिनाने गेला, करवत ओढणारे दोघे आरा गिरणीने गेले, तसंच हे. त्याची भरपाई यंत्रात कुठेही दडलेली नाही आणि तशी ती असल्याचं भासवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला आज पैसा जातो कुठे, तेही पाहायला हवं. उक्त्या सौद्यात तोडणावळ आणि लाकडाची किंमत एकत्र मिसळलेली असते. शेतकऱ्याकडे जाड-मध्यम फांदी कापायचं साधन नसल्याने झाड जसं उभं आहे तसं विकावं लागतं आणि व्यापारी ठरवेल तो आकडा मान्य करावा लागतो. फांद्यांचं वजन किती, बुंध्याचं किती, हे त्याला कळतच नाही. मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या जाडीचं लाकूड घरच्या करवतीने निघू लागलं तर ते काट्यावर घालून विकता येईल किंवा हळदीच्या हंगामाला ठेवता येईल. एका घराला यंत्र परवडत नसेल तर चार भाऊबंदांत किंवा बचत गटात ते फिरू शकतं, कारण एकाचे पंधरा दिवस दुसऱ्याच्या पंधरा दिवसांवर क्वचितच येतात. बुंध्यासाठी पेट्रोलवाली टोळी तेव्हाही बोलवावी लागेल. मात्र तिच्याशी होणारा सौदा फक्त बुंध्याचा असेल.